मशीन गप झाल्यावर

चतुराबाईनं हातातला पाला शेळ्यांपुढं तसाच टाकला आणि पदराला हात पुसत ती घरात धावली. मशीन पुन्हा ओरडत होतं. बाजेवर बिभीषण डोळे मिटून पडला होता आणि नाकातोंडावरच्या मास्कच्या कडेनं फुसफुस हवा सुटत होती.

"अवं, मान काहून हलवता सारखी? घडीभर नीट पडा की! सकाळपासून नुसतं पळवायला लागलंय हे."

तिनं मास्क दाबून बसवला तसं मशीन गप झालं. बिभीषणानं एक डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं अन् पुन्हा मिटला.

उभा जन्म शेळ्यांमागं हिंडलेल्या माणसाच्या छातीतलं बळ आजारानं नेलं होतं. थोडा वेळ स्वतःचा श्वास पुरायचा, बाकी सगळा भार व्हेंटिलेटरवर. बीडच्या दवाखान्यातून घरी आणल्यापासून रोज हेच चाललं होतं. मास्कमधून हवा सुटायची, अलार्म वाजायचा आणि चतुराबाई पळायची.

दुपारी लेकानं, भागवतनं, दवाखान्यातल्या सत्यशीला मॅडमना चौसाळ्याच्या स्टँडवरून गाडीवर आणलं.

"मॅडम, तो अलार्मच बंद करून टाका," तो म्हणाला. "आईला बसू देत न्हाई."

"तो बंद नाही करायचा, भाऊ. मास्क निघाला तर तुम्हाला कळणार कसं?"

मॅडमनी बिभीषणाच्या खोल गेलेल्या गालांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाबांची कवळी कुठंय?"

कवळी कोनाड्यात होती. ती तोंडात बसवल्यावर गाल भरले, मास्क चेहऱ्याला चिकटून बसला. मग मॅडमनी मशीनवरची बटणं दाबत समजावलं, "आता थोडी हवा सुटली तर मशीन तेवढी जादा सोडून भरून काढेल. उगाच ओरडणार नाही. फारच सुटायला लागली, नाहीतर मास्क निघाला, तरच वाजेल." त्यांनी क्षणभर मास्क उचलून अलार्म वाजवूनही दाखवला.

भागवत त्यांना सोडायला गेला. चतुराबाई गोठ्यात आली, पाला सारखा करू लागली. घरातून काहीच आवाज येईना. तिनं कान दिला. मग दारापर्यंत जाऊन पाहिलं, बिभीषणाची छाती संथ वरखाली होत होती. ती परत आली. लेंड्या गोळा करता करता पुन्हा उठली, पुन्हा पाहून आली. हायसं वाटायला हवं होतं, पण मन कशातच लागेना.

आणि अलार्म वाजला.

पाटी टाकून ती धावली. मास्क बिभीषणाच्या छातीवर पडला होता, पट्टा त्याच्याच मुठीत होता.

"अवं, काय झालं? कोंडलं का?"

"न्हाई गं." त्यानं दोनदा श्वास ओढला. "लई येळ झाला... तू वरडली न्हाईस."

चतुराबाईनं मास्क चढवला, पट्टे ओढले. मशीन गप झालं.

"असं काढत असत्यात व्हय? माझा जीव गेलता ना आता!"

तो डोळ्यांनी हसला. ती उठायला निघाली आणि बाजेच्या कडेलाच बसली.

काय बोलावं? हा माणूस पहाटे शेळ्या घेऊन जायचा तो दिवस बुडताना यायचा. भाकर वाढताना 'अजून घ्या' आणि 'पुरं' एवढंच बोलणं. म्हणून तिनं शेळ्यांपासूनच सुरुवात केली. कबरी शेळी पाला खाताना कशा खोड्या काढते ते सांगितलं. मग केजच्या नणंदेचं निघालं, मग नणंदेच्या लग्नातलं भांडण, आणि बोलता बोलता ती स्वतःच्या लग्नापर्यंत मागं गेली.

"तुमच्या मिशा बघून मी लई भेलते तवा. आईला म्हनलं, मी न्हाई जात."

बिभीषणानं डोळे मोठे केले.

"खरंच सांगते. बोलले न्हाई कदी."

बाहेर गाडी थांबली. भागवत दारात आला, आईचा आवाज ऐकून चप्पल काढता काढता थांबला.

"आई, कोन आलंय गं?"

"कोन न्हाई," चतुराबाई पदर सावरत म्हणाली. "तू जरा भाईरच बस."