काकूंनी पाहिलेले लाल दिवे

गॅरेजच्या धंद्यात मला तीस वर्षं झाली, पण तोंड काही सुधारलं नाही. या वेळचा घोळ त्या तोंडानेच केला.

सर्व्हेयर काका माझं जुनं गिऱ्हाईक. आयुष्यभर लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजल्या, गाडीही तशीच मोजूनमापून चालवणारे. गाडी चोवीस वर्षांची, ऑटोमॅटिक. महिन्यापूर्वी घरासमोरच्या चढावर ती मागे घेताना एकाएकी रेस झाली आणि उसळली. काकू नेहमीसारख्या मागे उभ्या राहून हात दाखवत होत्या. गाडी त्यांच्यापासून वीतभरावर थांबली, पण दचकून त्या पडल्या आणि मनगट मोडलं. काका एकच सांगत राहिले, मी ब्रेकच दाबलाय.

त्यांच्या लेकीने गाडी माझ्याकडे आणली. मी ती न्यूट्रलमध्ये चालू करून पाहिली, रेसच्या केबलला तेल दिलं, कार्बोरेटर उघडून साफ केला. इंजिन शहाण्यासारखं चालत होतं. दोष सापडेना, तेव्हा गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, वय झालं की पाय चुकतो हो. लेकीने त्याच दिवशी किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. काकूंना आपणच पाडलं, हे काकांनी तेव्हाच मनाशी धरलं असणार.

महिन्याने गाडी पुन्हा आली, या वेळी तिघंही होते. गाडी विकायची होती, त्याआधी जरा ठाकठीक करून हवी होती. लेक चालवत होती, काका मागे बसलेले, शेजारी प्लास्टरमधला हात घेऊन काकू. काका पाणी प्यायला गेले तशा काकू माझ्याजवळ आल्या.

"गाडी ओरडत होती ना, तेव्हा मागचे लाल दिवे लागलेले होते. मी सांगते तर सगळे म्हणतात, तू घाबरली होतीस."

मी हातातला पाना खाली ठेवला. ते दिवे ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाहीत, हे काय मला कुणी शिकवायचं? आणि मी काकूंना साधं विचारलंही नव्हतं. स्वतःची इतकी लाज फार दिवसांत वाटली नव्हती.

मग डोकं चाललं. गाडी उसळली ती रिव्हर्समध्ये, चढावर, म्हणजे इंजिनवर जोर असताना. लेकीने महिनाभर चालवली, पण तिच्याकडे सगळं सपाट, आणि मागे घ्यायची वेळच येत नाही. मी चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडलं आणि लेकीला आत बसवलं. रिव्हर्स टाका, थोडी रेस द्या, मग पाय काढून ब्रेकवर ठेवा, असं सांगितलं. काका खिडकीशी येऊन उभे राहिले.

तिने रेस दिली आणि इंजिन एका बाजूने चांगलं चार बोटं वर उचललं गेलं. त्याबरोबर रेसची केबल ताणली गेली. तिने पाय काढला तरी रेस उतरेना, उलट चढतच गेली. गाडी विटांवर रेटू लागली.

"मी ब्रेकच दाबलाय!" लेक ओरडली.

काकांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. लेक दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. तिने बापाकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

इंजिन ज्यावर बसतं ते रबराचं माउंटिंग मधोमध फाटलं होतं. वरून पाहून कळलं नसतं, पण वाकून पाहिलं असतं तर कळलं असतं. मी काकांची माफी मागितली आणि नवं माउंटिंग बसवलं. मग चढावरच तपासू म्हणून सगळे त्यांच्या घरी गेलो. लेकीने किल्ली बापाच्या हातात दिली. काका बसले खरे, पण गिअर टाकेनात.

तेवढ्यात काकू मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी म्हणालो, काकू, बाजूला व्हा, आज नको.

"त्यांना आरशात मी दिसायला हवी," काकू म्हणाल्या, आणि प्लास्टरचा हात वर करून त्यांना मागे बोलावू लागल्या.