यादीतलं पहिलं नाव

मंगळवारपासून सुमेधाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बोळिंजच्या एका मोठ्या सुपरमार्केटात ती चार नंबरच्या काउंटरवर बिलं करायची. दहा वर्षांत जिच्या हातून कधी चूक झाली नाही, तिने त्या दिवशी एकाच गिऱ्हाइकाच्या बिलात पोह्यांचं पाकीट तीनदा लावलं. गिऱ्हाईक करवादलं. ती सॉरी म्हणाली आणि पुन्हा दोन नंबरच्या काउंटरकडे बघत बसली. तो बंद होता.

बघत बसली कसली, बघत उभी राहिली. सगळं भांडणच त्याचं होतं. नऊ नऊ तास उभं राहून बिलं करायची आणि टेकायला साधं स्टूल नाही. मॅनेजर साहेबांच्या मते बसलेली बाई गिऱ्हाइकाला आळशी दिसते. स्वतः फिरत्या खुर्चीत रेलून हे सांगणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा. दोन नंबरवरच्या व्हेरोनिका मावशी गिरीजच्या, दुकान उघडल्या दिवसापासूनच्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली आणि पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी.

मावशींचे ते पाय बघूनच सुमेधा युनियनच्या ऑफिसात गेली होती. वसई-विरारमधल्या दुकानांतल्या, बेकऱ्यांतल्या, हॉटेलांतल्या माणसांची ती युनियन. तिचा सेक्रेटरी हिलरी, एके काळी बेकरीत पीठ मळणारा. त्याने सांगितलं, मागणीचं पत्र द्या, खाली सगळ्यांची नावं आणि सह्या घ्या. सुमेधाने एकेकीला गाठून तयार केलं आणि घरी बसून नावं लिहून काढली.

आणि तिथेच घोळ झाला. दुकानात माल लावायची एक रीत असते. जुना पुढे, नवा मागे. जुना आधी खपला पाहिजे ना. दहा वर्षं रॅक भरून सुमेधाच्या हाताला तेच वळण पडलेलं. तिने सगळ्यांत जुन्या बाईचं नाव सगळ्यांत वर घातलं आणि स्वतःचं सातवं. मनात पाप नव्हतं हो. पण साहेबांनी पहिलं नाव वाचलं आणि त्यांना पुढारी सापडली. मंगळवारी सकाळी मावशींच्या हातात बदलीचं पत्र पडलं. सोमवारी भिवंडीच्या गोदामात हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या; तोवर काउंटरवर यायचं नाही.

हे सगळं मी केलं, एवढंच सुमेधाने साहेबांना जाऊन सांगायचं होतं. मग बदली तिची झाली असती. पण घरी आर्या दहावीला होती. भिवंडीला जायचं म्हणजे पोरगी उठायच्या आत निघायचं आणि ती जेवून झाल्यावर परतायचं. अशी अडचण खरी असते, आणि ती खरी असते म्हणूनच माणसाला तिच्याआड लपता येतं.

बुधवारी ती केबिनच्या दारापर्यंत गेली. साहेबांनी हसून आत बोलावलं. तुमच्यासारखी शहाणी माणसं आहेत म्हणून दुकान चाललंय, असं म्हणाले. सुमेधाने बिलाच्या कागदाचा एक रोल मागितला आणि परत आली. त्या रोलकडे बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. गुरुवारी तिने हिलरीला फोन करून सगळं सांगून टाकलं. तो रागावला नाही. बदलीविरुद्ध लेबर ऑफिसात अर्ज देतोय म्हणाला, पण बाकीचं तुझं तूच ठरव, फक्त उशीर करू नको. शुक्रवारी तिने मावशींना तीनदा मेसेज लिहिला आणि तीनदा पुसला. डबा तसाच घरी आला.

शनिवारी रजा टाकून ती रिक्षाने गिरीजला गेली. मावशी वाडीत केळीची वाळकी पानं काढत होत्या. त्यांनी विळा खाली ठेवला, पाणी आणून दिलं, आर्याच्या अभ्यासाची चौकशी केली. सुमेधाने तांब्या बाजूला ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं.

"मावशी, यादी मी केली, हे साहेबांना अजून सांगितलं नाही मी. तुमचं नाव वर मीच घातलं. सोमवारी सकाळी साहेबांना सांगणार आहे, तुम्ही कुठेही जायचं नाही."

मावशींनी घरात जाऊन एक कागद आणला. काल संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला होता, आणि त्याच्या बदल्यात प्रत्येक काउंटरला स्टूल मिळेल असं साहेबांकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घेतलं होतं. सुमेधाने तो कागद दोनदा वाचला. मला आधी विचारायचं तरी, असं काहीतरी ती पुटपुटली आणि तिला रडू फुटलं.

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, आणि तेच सुमेधाला सोसवेना.

"यादी तुझी होती ते मला सही करतानाच ठाऊक होतं गं. तुझ्याशिवाय एवढी धावपळ कोण करणार? मागे कोण आहे म्हणून साहेबांनी विचारलं, तर मी म्हटलं, मीच. राजीनाम्याचा कागद तर ते बुधवारीच बोलावून समोर ठेवत होते. मीच शुक्रवार संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला. म्हटलं, थांबू या, सुमेधा येईल."