रोज्यातला पासवर्ड

हशमी मास्तरांनी लॅपटॉपला आणखी एक पासवर्ड देऊन पाहिला आणि त्या हट्टी यंत्राने तोही नाकारला. आत अकरा वर्षांचं काम अडकलं होतं: करकेना बेटावरच्या मच्छीमारांचे शब्द, जाळ्यांचे, वाऱ्यांचे, माशांचे. सांगणारे म्हातारे एकेक करून मातीआड गेले होते. दुसरी प्रत नव्हती, आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या सफाक्स शहरातल्या छापखान्याला हा शब्दकोश परवा हवा होता.

"पहिल्या रोज्यालाच बदललास ना तो?" त्यांची बायको नजीबा म्हणाली. "कॉफी नाही, सिगारेट नाही. त्या दिवशी तू मांजरालाही सोडलं नाहीस."

खरंच होतं. रोजा सुटायला अर्धा तास असताना यंत्राने नवा पासवर्ड मागितला आणि मास्तरांनी रागाच्या भरात काहीतरी हाणलं. पुढे महिनाभर लॅपटॉप उघडलाच नाही, ईदनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सगळं डोक्यातून गेलं.

"भांडत कोणाशी होतास?"

"मुनसिफदादाशी. बापाच्या होडीवरून. जाताना त्याला काहीतरी बोललो. तेच लिहिलं असणार."

"मग जा, विचार त्याला."

"त्याच्या कुठे लक्षात असणार? ईदला गळाभेट झाली, विषय संपला."

रोज्यात दिवस मावळायच्या आत कोणी काही बोललं तर मनावर घ्यायचं नाही, असा बेटाचा रिवाज. मास्तरांनी आजवर त्याचा भरपूर फायदा उठवला होता.

तरी ते गेले. थोरला भाऊ धक्क्यावर बसून ऑक्टोपस धरायच्या मडक्यांना दोर बांधत होता.

"दादा, लॅपटॉप उघडत नाहीये, पहिल्या रोज्याला तुला जे म्हणालो तोच पासवर्ड ठेवलाय. काय म्हणालो होतो मी?"

"रिकामं मडकं," मुनसिफ म्हणाला. मान वर न करता, क्षणाचाही विचार न करता.

मास्तरांना कानफटात बसल्यासारखं झालं. समुद्रातून काहीच न घेता वर येतं ते रिकामं मडकं. मुनसिफला मूलबाळ नव्हतं. मास्तर त्याच्या शेजारी बसले.

"ईदला तू मला मिठी मारलीस."

"मारली. रिवाज आहे."

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. रोज्याची नेहमीची सबब जिभेवर आली होती, ती त्यांनी गिळली.

"भुकेने बोललो नाही रे, दादा. मीच बोललो. चुकलो."

मुनसिफने गाठ घट्ट केली, सोडली, पुन्हा बांधली.

"उघडेल का त्याने?" त्याने विचारलं.

"उघडेल."

"चल मग."

घरी मास्तरांचा हात कळफलकाकडे जाईना. शेवटी मुनसिफनेच त्यांना बाजूला सारलं आणि एका बोटाने, शोधून शोधून, ती शिवी टाइप केली. लॅपटॉप उघडला. पडद्यावर अकरा वर्षं जशीच्या तशी होती. दारात उभ्या नजीबाने डोळे पुसले.

"आता बदल हा," मुनसिफ म्हणाला. "म्हणजे मलाही विसरता येईल."

मास्तरांनी कोशाकडे पाहिलंही नाही. आधी पासवर्ड बदलला.