सातवी फेरी

सहावी मुलाखतही निकालाविना संपली, तेव्हा शरावतीच्या सासूबाई, गिरिजम्मा, वैतागल्याच. "आमच्या वेळी मुलगी बघायला एकदाच यायचे. केसरीभात खाल्ला, की हो नाहीतर नाही! या मेल्यांना अजून काय बघायचंय?"

शरावती हसली, पण मनातून ती पार थकली होती. लेक झाली तेव्हा तिनं प्रोग्रॅमरची नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली. आता विम्याचं सॉफ्टवेअर बनवणारी बंगळुरूतली ही कंपनी दोन महिने तिला झुलवत होती. एकानं आधीच्याचेच प्रश्न विचारले, दुसरा उगवलाच नाही, तिसऱ्यानं चाचणीच्या नावाखाली तीन दिवस फुकट राबवून घेतलं.

सातव्या फेरीला ती जयनगरच्या ऑफिसात गेली. समोर प्रज्वल नावाचा तरुण आणि त्याच्या वरिष्ठ, सुमंगला मॅडम. आज जन्मलेल्या बाळाची ऐंशी वर्षांची पॉलिसी एकूण किती दिवसांची, हे काढणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. तिनं तो वीस मिनिटांत लिहिला.

प्रज्वलनं मान हलवली. "चूक. आमच्या उत्तरापेक्षा एक दिवस कमी येतोय."

"तुमचाच एक दिवस जास्त आहे," शरावती म्हणाली.

"मॅडम, दोन वर्षं हाच प्रश्न विचारतोय आम्ही."

"मग दोन वर्षं चुकताय. एकवीसशे साल लीप वर्ष नाही. शतकाच्या वर्षाला चारशेनं भाग जावा लागतो. दोन हजारला जात होता, एकवीसशेला जात नाही. कॅलेंडर उघडून बघा."

प्रज्वलनं ते उघडलं. एकवीसशेचा फेब्रुवारी अठ्ठावीसला संपत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"या प्रश्नावर आपण किती जणांना घरी पाठवलं?" सुमंगलांनी विचारलं.

"बरोबर उत्तर देऊन गेलेले... अकरा," तो यादी चाळून पुटपुटला.

सुमंगला शरावतीकडे वळल्या. "सोमवारी रुजू होता का?"

दोन महिने हेच वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते. तरी ती नुसतं हो म्हणून थांबली नाही.

"होते. पण त्या अकरा जणांना माफी मागून परत बोलवा. आणि फेरी एकच घ्या."

सुमंगला खळखळून हसल्या. "अहो, अजून सही नाही झाली आणि हुकूम सोडताय! ठीक आहे, बोलावते."

महिनाभरात त्यांतले चौघे रुजू झाले. त्यांना दारातून आत घेऊन आला तो प्रज्वल. आणि सगळ्यांची शरावतीशी ओळख करून देताना तो म्हणाला, "या आमच्या मॅडम. यांच्याशी वाद घालण्याआधी कॅलेंडर बघून घ्या."