इंजिन बसलं

"अवो, काटा वर गेलाय," फहमिदा म्हणाली.

माणगावच्या लग्नातली बिर्याणी पोटात घेऊन त्यांची पांढरी व्हॅन ताम्हिणीचा घाट चढत होती. इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या त्या काट्याकडे इस्माईलने बघितलंसुद्धा नाही. "काटा खोटं बोलतोय. तू आवाज ऐक. कसं गातंय इंजिन!"

पौडच्या बाजारात इस्माईलचं चपलांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या पायावर नुसती नजर टाकून नंबर सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. माणूस एका गोष्टीत असा तयार झाला की त्याला वाटायला लागतं, जगातलं सगळंच आपल्याला बघून नि ऐकून कळतं. फहमिदाने पुढच्या वळणावर पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या वळणावर इंजिनाने गाणं बंद केलं आणि सीटखालून अशी वाफ आली, की नवराबायको आणि मागे झोपलेली त्यांची लेक मन्तशा, तिघंही चपला न घालता रस्त्यावर.

दोराने टोचन लावून एका टेम्पोने व्हॅन घोटवडे फाट्यावर हनुमंतच्या गॅरेजपर्यंत ओढत आणली. हनुमंतने सीट उचलली, वास घेतला आणि हात पुसले.

"इंजिन बसलं, इस्माईलभाई. समदं उतरवावं लागंल. पिस्टन गेलंत, हेड वाकलंय."

मग त्याने खर्चाचा आकडा सांगितला, आणि इस्माईलही तिथल्या टायरवर बसला.

घरी आल्यावर त्याने जाहीर करून टाकलं, की व्हॅन भंगारात द्यायची. एवढ्या पैशांत दुकानाला नवी काचेची दर्शनी बाजू झाली असती. फहमिदाने कढीतली पळी बाहेर काढली.

"आन माझ्या लायसनचं काय लोणचं घालू?"

तिचं हे दुखणं जुनं होतं. पिरंगुटच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती गाडी शिकली, पहिल्या फटक्यात पास झाली, आणि ते लायसन कपाटात तिच्या भारी ओढण्यांखाली पडून राहिलं. किल्ली मागितली की इस्माईलकडे कारण तयार. आज रस्त्यावर डंपर लई आहेत. आज क्लच जड आहे. पुढच्या महिन्यात बघू. तिची अम्मी कासारसाईला एकटी राहत होती, गुडघ्यांनी हैराण झालेली. इस्माईलला दुकानातून सवड मिळेल तेव्हा फहमिदाने माहेरी जायचं, आणि अम्मीने चहा ओतेपर्यंत त्याने बाहेर हॉर्न वाजवायचा. आपल्याला वाटेल तेव्हा अम्मीकडे जायचं, एवढंच फहमिदाला हवं होतं. व्हॅन गेली की तेही गेलं. त्या रात्री ती भांडली नाही, फक्त बोलली नाही. सकाळी इस्माईलने हनुमंतला फोन करून काम सुरू करायला सांगितलं. दुकानाची काच राहिली.

व्हॅन तयार झाली तेव्हा हनुमंतने बजावलं, "पहिलं हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची न्हाई. नवीन काम हाय, इंजिन नीट बसू द्या."

"आदी बसलं म्हणून एवढा खर्च केला, आता परत बसू दे म्हणतोय," इस्माईल कुरकुरला.

चारच दिवसांत हनुमंतने गॅरेजच्या दारातून पांढरी व्हॅन भुर्रकन जाताना पाहिली. ती परत आली तेव्हा तो रस्त्यात आडवा उभा राहिला. खिडकीतून हात घालून त्याने किल्लीच काढून घेतली.

"चाळीसनं? मागनं सायकलवाला हसतोय मला," इस्माईल म्हणाला.

"हसू दे. भाभींकडं लायसन हाय ना? हजार हुईस्तवर त्याच चालवतील. शिकाऊ मानूस चाळीसच्या वर जातच न्हाई." आणि त्याने खिडकीतून वाकून किल्ली शेजारी बसलेल्या फहमिदाच्या हातात ठेवली.

शिकाऊ म्हटल्याचा फहमिदाला राग आला. पण किल्ली हातात होती, म्हणून तिने तो गिळला.

त्या दिवसापासून व्हॅन तिची झाली. पहिल्या फेरीला इस्माईल शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होता. घोटवड्याच्या चढावर ती एकदा बंद पडली, मागून सगळ्यांनी हॉर्न वाजवले, आणि फहमिदाने शांतपणे पुन्हा चालू केली. कासारसाईला अम्मी दारातच उभी होती. लेकीला चाकामागे पाहून ती गुडघे विसरून पायरी उतरली. त्या दिवशी हॉर्न वाजवायला कुणी नव्हतं. दोन कप चहा झाला, जेवण झालं, नंतर धरणाच्या काठावर सगळे बसले. इतक्या वर्षांत इस्माईलने ते धरण नीट पाहिलंच नव्हतं.

मग त्याला सवय लागली. रस्त्याकडेचं भाताचं खाचर कुणाचं, कुणाच्या दारात नवी म्हैस आली, हे त्याला चाळीसच्या वेगात पहिल्यांदा दिसत होतं. दुकान लवकर बंद करायला त्याला कारणं सुचू लागली. आणि मधूनमधून तो स्वतःच सांगायचा, "काटा मधीच हाय गं."

एका रविवारी कासारसाईला जाताना ते ऑइल बदलायला हनुमंतकडे थांबले. त्याने इंजिन चालू केलं, कान लावला आणि मान डोलावली. "बसलं इंजिन. झालं हजार. आता पळवा कशी बी."

फहमिदाने मनाशी हिशेब केला. चाळीसची अट संपली, म्हणजे आपली पाळीही संपली. पण ठरल्याप्रमाणे वागणारी बाई होती ती. तिने किल्ली इस्माईलपुढे धरली.

इस्माईल वळसा घालून पलीकडे गेला, डावीकडचं दार उघडलं आणि मांडी ठोकून बसला.

"अवो, इंजिन बसलंय आता," ती म्हणाली.

"इंजिन बसलं, तुझा हात बी बसला. आता मी बसलोय तर उठवतीस कशाला? चल, अम्मी वाट बघत आसंल."