साडीचा प्रश्न

वेताच्या त्या खुर्चीत बसू नये अशी पाटी तनुजानं ऑफिसात लावली नव्हती. सदाशिव पेठेत राहून पाटी लावली नाही हेच नवल. तिनं नुसती खुर्ची कोपऱ्यात सरकवून तिच्यावर जुन्या फायलींचा ढीग रचला होता. ढीग असला की कुणी बसत नाही, आणि कुणी बसलं नाही की खुर्ची करकरत नाही. पण हे चैतालीला कोण सांगणार? लॉच्या चौथ्या वर्षाची ही इंटर्न बिबवेवाडीहून स्कूटर हाणत यायची आणि उत्साह नुसता उतू जायचा. त्या संध्याकाळी तिनं फायली उचलून जमिनीवर ठेवल्या, खुर्ची टेबलासमोर ओढली आणि ऐसपैस बसली.

"मॅम, मी गोदाबाई. घ्या माझी उलटतपासणी."

खुर्ची करकरली. तनुजानं टेबलावरची फाइल उगाच पुढे ओढली. अशिलांना धीर देणारी एवढी मोठी वकिलीणबाई खुर्चीला घाबरते, हे इंटर्नला कसं सांगायचं?

रीत याच ऑफिसातली होती. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूचा साक्षीदार पिंजऱ्यात येणार असला, की आदल्या संध्याकाळी इंटर्ननं तो साक्षीदार व्हायचं. वकिलानं प्रश्न विचारत जायचं आणि माणूस कुठल्या प्रश्नाला गप्प होतो ते हुडकून काढायचं. ऑफिस मूळचं गोपाळकृष्ण सरांचं. सर आता हयात नव्हते. तनुजा त्यांचीच इंटर्न, याच खुर्चीत बसून शिकलेली. सरांचा एक नियम होता: ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. चैतालीलाही तिनं पहिल्याच दिवशी तो घोकायला लावला होता.

उद्याची साक्ष हडपसरच्या गोदाबाईंची होती. शहर गावात शिरलं, गुंठ्याला भाव आला, तशा भावांना बहिणी आठवायला लागल्या, त्याही अंगठ्यापुरत्या. गोदाबाईंचा भाऊ रणजित हा तनुजाचा अशील. त्याचं म्हणणं, बहिणीनं वडिलांच्या जमिनीतला हक्क राजीखुशीनं सोडला. गोदाबाईंचं म्हणणं, आईच्या दवाखान्याचे कागद आहेत असं सांगून त्यानं अंगठा घेतला. खरं काय ते रणजितला माहीत होतं. तनुजानं त्याला ते कधी विचारलं नव्हतं, कारण वकिलांनी काही गोष्टी विचारायच्या नसतात.

प्रश्न सुरू झाले. चैताली फर्ड्या गावरान ढंगात उत्तरं देत होती. बोलता बोलता तिचा उजवा हात मांडीवर आला आणि काहीतरी नीट करायला लागला, जणू पदराचं टोक चुण्या काढून गुडघ्यावर पसरत होता. चैतालीच्या अंगात जीन्स आणि टी-शर्ट होता.

"हे काय करतेयस?" तनुजानं विचारलं.

"काय करतेय?" चैतालीनं हाताकडे पाहिलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

तनुजाला कळलं होतं. पदराची ती चाळवाचाळव तिनं शिवाजीनगरच्या कोर्टात पाहिली होती, वीस एक वर्षांपूर्वी, सरुबाई नावाच्या साक्षीदार बाईंच्या हातांत. खटला असाच, बहीण अशीच, अंगठा असाच. पुण्यात धडधाकट माणसांनी पत्ता विचारला तर कुणी धड सांगत नाही, आणि मेलेल्या बाईला मात्र हे ऑफिस बरोबर सापडलं होतं.

"मॅम, एक भन्नाट पॉइंट आहे," चैताली पुढे सरकून बसली. "बाई म्हणतात, फसवल्याचं त्यांना श्रावणात कळलं. मग त्याच वर्षी दिवाळीत भावाला ओवाळलं कसं? भाऊबीजेची साडी घेतली कशी? ज्यानं लुटलं त्याची साडी? मी त्यांच्या जागी असते ना, तर इथे माझी बोलती बंद झाली असती. आणि उत्तर माहीत करून घेतलंय हं. दुपारीच रणजितकाकांना फोन केला. जांभळी साडी दिली होती म्हणाले. एकदम खूश झाले!"

बोलून झाल्यावर ती तनुजाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काय हवं होतं ते तनुजाला चांगलं माहीत होतं. शाबासकी. वीस वर्षांपूर्वी याच खुर्चीतून, याच आवाजात, हाच प्रश्न तनुजानं सरांना काढून दिला होता. तिनंही आधी अशिलाला विचारून खात्री करून घेतली होती. सर "शाबास" म्हणाले आणि त्या एका शब्दावर तिची पुढची सगळी वकिली उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रश्न विचारला तेव्हा सरुबाईंच्या अंगावर भावानं दिलेली तीच साडी होती. बरी म्हणावी अशी तेवढीच असेल बिचारीकडे. त्यांनी पदराकडे पाहिलं, तो चाचपत राहिल्या आणि पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. कोर्टाबाहेर बाकावर बसल्या होत्या तेव्हा त्यांनी जवळून जाणाऱ्या तनुजाला विचारलं होतं, "पोरी, साडीचं कुनी काढलं गं?" तनुजा पुढे निघून गेली. काही महिन्यांनी निकाल लागला. सरुबाईंचा भाऊ पेढे घेऊन आला आणि पेढा हातावर ठेवता ठेवता सहज म्हणाला की बहीण गेली. तनुजानं तो पेढा खाल्ला होता. आजही कुणी पेढे आणले की तिच्या घशाखाली उतरत नाहीत.

"मॅम? चुकलं का काही?"

"ऊठ," तनुजा म्हणाली. "तू वकील हो. मी बसते."

सरांच्या पश्चात ती पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली. वेत गार लागला, वास्तविक चैताली आत्ताच उठली होती. चैतालीनं घसा साफ केला आणि प्रश्न विचारला. अगदी सुरेख विचारला. तनुजा उत्तर जुळवायला लागली, पण तिनं जुळवायच्या आधीच ते आलं. आवाज दमलेला, संथ, हडपसरपलीकडच्या रानातला.

"वव्हाळलं, भाऊ हाय म्हनून. साडी त्यानं दिली, ती म्या घेतली. अंगठा म्या दिला न्हवता, त्यो त्यानं घेतला."

चैतालीच्या हातातलं पेन खाली पडलं आणि ते उचलायचं तिला सुचलं नाही. तनुजाचे दोन्ही हात गुडघ्यावर नसलेला पदर सारखा करत होते. ते थांबवायला तिला जोर लावावा लागला.

"हा प्रश्न उद्या विचारायचा नाही," ती आपल्या आवाजात म्हणाली.

"पण मॅम, केस आपली..."

"नाही म्हटलं ना!" ती ओरडलीच.

सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात रणजित हसत हसत सामोरा आला. पांढरे कडक कपडे, कपाळावर गंध. "मॅडम, साडीचं इचारा बरं का. तुमच्या पोरीनं लाखाचं डोकं चालवलंय."

"तो प्रश्न उलटेल," तनुजा म्हणाली. "मी विचारणार नाही."

रणजितचं हसू मावळलं. "आमी कालच अक्काला सांगून ठिवलंय, उद्या साडीवर गाठ हाय म्हनून. रात्रभर झोपली नसंल." त्याला वाटलं, हे ऐकून वकिलीणबाई खूश होतील.

गोदाबाई पिंजऱ्यात आल्या. अंगावर जांभळी साडी होती. तनुजा उठून उभी राहिली. तिनं दवाखान्याचं विचारलं, कागदांचं विचारलं, साक्षीला कोण होतं ते विचारलं. सरांनी शिकवलं होतं तसंच, मुद्देसूद. मागून रणजित खाकरत होता. मग तिचे प्रश्न संपले आणि तो एक तेवढा उरला. तो जिभेवर आयता येऊन बसला होता, आणि कानाशी कुणीतरी "शाबास" म्हणायची वाट बघत होतं. खोटं कशाला बोला, तिला तो विचारावासा वाटला. जिंकायची खोड जित्याचीच असते. विचारला तर बाई गप्प होणार, त्यांचा दावा जाणार, आणि मागे बसलेली ही हुशार पोर जन्मभर पेढे खाऊ शकणार नाही.

"एवढंच," तनुजा न्यायाधीशांना म्हणाली आणि खाली बसली.

गोदाबाई मात्र उतरल्या नाहीत. कठड्यावर पदराचं टोक पसरून त्या त्याच्या चुण्या काढत होत्या.

"साडीचं इचारायचं न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं. "मी मुद्दाम नेसून आले."

"बाई, विचारलं तेवढंच सांगायचं. उतरा आता," न्यायाधीश म्हणाले.

"उतरते, सायेब. पर रातभर घोकलंय, तर बोलून जाते. वव्हाळलं, भाऊ हाय म्हनून. साडी त्यानं दिली, ती म्या घेतली. अंगठा म्या दिला न्हवता, त्यो त्यानं घेतला."

चैतालीनं तनुजाचा दंड घट्ट धरला. रणजित मान खाली घालून चप्पल बघत होता. न्यायाधीशांनी स्टेनोकडे पाहिलं, काही लिहून घ्यायला सांगितलं नाही, आणि पुढचा खटला पुकारला गेला.

दोघी बाहेर आल्या तेव्हा गोदाबाई भिंतीकडेच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. रणजित वकीलपत्र परत मागणार हे तनुजाला दिसतच होतं. मागू दे. तिला त्या बाकापुढून जायचं होतं, आणि दुसरी वाट नव्हती. चैताली तिच्या आड आड चालत होती.

"पोरी," गोदाबाईंनी हाक मारली. त्या चैतालीकडे बघत होत्या. "साडीचं कुनी काढलं गं?"

चैताली तनुजाच्या आणखी मागे सरली.

"मी काढलं," तनुजा म्हणाली. "मी काढलं होतं, बाई."

गोदाबाईंनी तिला निरखून पाहिलं. मग जांभळा पदर आवरून घेतला आणि बाकावर थोड्या सरकल्या.

"बस," त्या म्हणाल्या.