गुडघ्यावरची पट्टी

दुपारी दोनला पाळी बदलायची होती आणि आजींच्या पाठीवरची जुनी पट्टी काही केल्या सापडेना.

पट्टी म्हणजे कातडीला चिकटवायचं दुखण्यावरचं जहाल औषध; ज्याला सवय नाही त्याला गुंगी येऊन श्वासही मंदावायचा. नवी निघायची दोन कुलपांच्या कपाटातून. तीन दिवसांनी उतरवलेली जुनी पाळीवरच्या दोघी सिस्टरांनी बघून नष्ट करायची आणि वहीत दोन सह्या करायच्या.

"अगं, आंघोळीत गेली असेल वाहून," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. लेकीला शाळेतून आणायचं होतं, त्यांचा जीव घड्याळात अडकलेला. "'नष्ट केली' म्हणून लिही. मी सही ठोकते."

धाकटीला या वृद्धाश्रमात लागून जेमतेम तीन महिने झाले होते. मोठ्यांशी वाकड्यात जाणं परवडणारं नव्हतं, तरी पेन काही पुढे सरकेना.

"मी बघितलीच नाही, तर लिहू कसं?"

तिने चादर झटकली, गादी उलटवली, धुण्याची पिशवी रिकामी केली.

"जरा हळू गं," झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या. "आजोबांना आज कधी नव्हे ती झोप लागलीय."

ती जागच्या जागी थबकली. आजींचे यजमान दुपारी झोपायचेच नाहीत. खुर्चीत बसून सगळ्यांचं डोकं खायचे.

"आजोबा! अहो आजोबा!" तिने गदागदा हलवलं. मान लुळी पडली. श्वास मिनिटाला जेमतेम सात. तिने पायजमा वर सारला, तर पट्टी उजव्या गुडघ्यावर!

"डॉक्टरांना बोलवा!" ओरडतच तिने पट्टी ओढून काढली. मोठ्या सिस्टर घड्याळ विसरून ऑक्सिजन घेऊन धावल्या. डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे आजोबांनी डोळे उघडले.

"तिच्या पाठीवरून सुटली होती," ते पुटपुटले. "म्हटलं, टाकूनच देणार, तर माझ्या गुडघ्याला तरी आराम पडेल."

"जन्मभर असंच!" आजी पलंगावरून कडाडल्या. "फेकायची वस्तूसुद्धा सोडवत नाही यांना!" आणि त्यांना रडू फुटलं.

रुग्णवाहिका आजोबांना देखरेखीसाठी दवाखान्यात घेऊन गेली. मोठ्या सिस्टरांनी वही ओढली, पट्टी कुठे आणि कशी सापडली ते स्वतःच्या हाताने लिहिलं आणि धाकटीकडे न बघता म्हणाल्या, "कर सही."

धाकटीने खाली सही केली.

"पोरी," आजींनी कण्हत हाक मारली, "माझी नवी पट्टी राहिली गं."

दोघी किल्ल्या घेऊन कपाटाकडे निघाल्या.